तुलूझचं विमान, नांदेडची धावपट्टी

नांदेडहून हैदराबादला जाणारं पंख्याचं विमान लागलं की पहिल्यांदाच बसणारी माणसं हमखास विमानाच्या तोंडाकडे चालू लागायची. मग कर्मचारी हात करून सांगायचे, "मागं, मागं!" एटीआर ७२ या विमानाला प्रवाशांचं दार शेपटीजवळ असतं आणि पुढच्या दारातून सामान चढतं. दाराच्या आतल्या अंगालाच पायऱ्या ठोकलेल्या असतात. दार खाली पाडलं की तोच जिना होतो. नऊवारीतली एक म्हातारी एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून तो जिना चढताना मी पाहिली आहे. वर पोचल्यावर तिने मागे वळून लेकाला विचारलं, "पंखा बंद पडलाय व्हय रे? आवाज तर येतोय."

म्हातारीची नजर चांगली होती. विमान उभं असताना उजवीकडचं इंजिन घरघरत होतं, पण त्याचा पंखा जागच्या जागी थांबलेला होता. एटीआरच्या उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक असतो. तो लावला की इंजिन चालूच राहतं, आत वीज आणि गार हवा देतं, पण पंखा फिरत नाही. वैमानिक याला 'हॉटेल मोड' म्हणतात. त्यामुळे बाहेरून वीज पुरवणारी गाडी लागत नाही आणि जिन्याची गाडीही लागत नाही. ज्या विमानतळावर धावपट्टी, एक खोली आणि चार माणसं एवढंच आहे, तिथे उतरून अर्ध्या तासात परत उडता यावं म्हणून हे सगळं केलेलं आहे. हे विमान जिथे घडतं त्या फ्रान्समधल्या तुलूझमध्ये कागदावर रेघा ओढणाऱ्या माणसाने नांदेडचं नावही ऐकलं नसेल, पण नांदेडसारखं गाव त्याच्या डोक्यात नक्की होतं.

फ्रेंच विमान म्हटलं की आपल्याकडे गेली दहा वर्षं एकच नाव निघतं, राफेल. त्याच्या किमतीवर, करारावर आणि राजकारणावर आपण इतकं बोललो की त्यामागचा शंभराहून जास्त वर्षांचा उद्योग दिसेनासा झाला. हा उद्योग आमच्या नांदेड-लातूरपर्यंत किती वाटांनी आला, कुठे टिकला आणि कुठे गळाला, हे एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. मांडताना एक गोष्ट सारखी समोर येत गेली. फ्रेंचांनी विमानांच्या बाबतीत चुका केल्या, पैसा बुडवला, हट्ट केले, पण हातातलं काम मध्येच टाकलं नाही. आमच्याकडे नेमकं उलट झालं. मुहूर्त पुष्कळ झाले आणि काम खंडत राहिलं.

सुरुवात शब्दांपासून करू. विमानाच्या धडाला जगभर फ्यूजलाज म्हणतात, पंखाच्या कडेच्या हलत्या झडपेला एलेरॉन, इंजिनाच्या टोपणाला नेसेल. तिन्ही शब्द फ्रेंच. वेग मोजण्यासाठी नाकाशी लावलेली पिटो नळी आँरी पितो या अठराव्या शतकातल्या फ्रेंच अभियंत्याच्या नावाची. एव्हिएशन हा शब्दसुद्धा तिथलाच. पहिली यशस्वी उडी राइट बंधूंची, अमेरिकेतली. पण त्या उडीचा उद्योग करून दाखवला तो फ्रान्सने. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली. दीड वर्षाने, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आँरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली. जगातली ती पहिली अधिकृत हवाई टपाल. आपल्या देशाच्या आभाळातलं हे पहिलं मोठं काम एका फ्रेंच माणसाच्या हातून झालं.

ब्लेरिओचा धागा पुढे थेट मुंबईला येतो. जे. आर. डी. टाटा १९०४ साली पॅरिसमध्ये जन्मले. त्यांची आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्देलो गावी टाटा कुटुंबाचं सुट्टीचं घर होतं आणि ब्लेरिओचं घर तिथेच जवळ. वाळूवर उतरणारी विमानं पाहत पोरगा मोठा झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्याने कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं, त्याचं बीज त्या वाळूत पडलेलं होतं.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने पन्नास हजारांवर विमानं बांधली. दुसऱ्या महायुद्धात देशच हरला आणि कारखाने जर्मनांच्या ताब्यात गेले. मार्सेल ब्लॉक नावाच्या ज्यू विमानकाराला जर्मनांनी बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. तो जिवंत परतला आणि त्याने आडनाव बदललं. त्याचा भाऊ जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात जे टोपणनाव वापरायचा, त्यावरून घेतलेलं हे नवं नाव म्हणजे दासो. तुरुंगातून आलेल्या या माणसाच्या कंपनीने २८ फेब्रुवारी १९४९ रोजी उरागान हे जेट लढाऊ विमान उडवलं. छावणीतून सुटल्यावर चौथ्या वर्षी! उरागान म्हणजे तुफान. १९५३ मध्ये भारताने ते घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं तूफानी. उरागानला परदेशात मिळालेलं ते पहिलं गिऱ्हाईक. इंग्रज नुकतेच गेलेले, सगळी सामग्री त्यांच्याकडूनच यायची, आणि नव्या सरकारला एका दुकानावर अवलंबून राहायचं नव्हतं. फ्रेंचांना बाजार हवा होता, आपल्याला दुसरं दुकान. ही जोडी तेव्हा जमली ती आजवर तुटलेली नाही.

तूफानीच्या पाठोपाठ १९५७ मध्ये मिस्तेर आली. सूर मारताना आवाजाचा वेग ओलांडणारं आपल्या हवाई दलातलं हे पहिलं विमान. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण, दीव पोर्तुगीजांच्या हातून सुटले तेव्हा दीववर तूफानी आणि दमणवर मिस्तेर गेल्या होत्या. नौदलाने विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी घेतलेलं आलिझे हेही फ्रेंचच, पाणबुड्या शोधणारं, पंख्याचं. १९७१ च्या युद्धात ते विक्रांतवरून उडालं. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एक आलिझे उभं आहे. गोव्याला समुद्रावर जाणाऱ्या मराठवाड्यातल्या मंडळींनी वाटेत तासभर तिथे थांबावं. पंखांच्या खालची चाकांची घरं हाताने चाचपून बघता येतात, इतक्या जवळून ते दिसतं.

मिस्तेरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानातला सरगोधा तळ. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांच्या मिस्तेरवर पाकिस्तानी स्टारफायटरने हल्ला केला. त्या वेळच्या जगातल्या सर्वांत वेगवान लढाऊ विमानांपैकी ते एक. मिस्तेरपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाचं. देवय्यांचं विमान घायाळ झालं, तरी त्यांनी वळून त्या स्टारफायटरला पाडलं आणि स्वतः परतले नाहीत. आपल्याकडे कोणाला हे कळलंच नाही. पुष्कळ वर्षांनी एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने लिहिताना ही लढत नोंदवली, तेव्हा कुठे उलगडा झाला. महावीरचक्र त्यांना १९८८ मध्ये, मरणोत्तर मिळालं. तेवीस वर्षं! त्या युद्धात संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

फ्रेंच विमानं आणि मराठी संरक्षणमंत्री यांची गाठ इथून पुढे पुन्हा पुन्हा पडते, आणि आमच्या दोन जिल्ह्यांचा त्यात वाटा आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९८० साली लातूरमधून लोकसभेवर गेलेले शिवराज पाटील चाकूरकर त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून १९८२ च्या सुरुवातीपर्यंत संरक्षण राज्यमंत्री होते. पाकिस्तानला अमेरिकेची एफ-१६ मिळणार हे तेव्हाच ठरत होतं आणि त्याला उत्तर म्हणून दिल्लीची नजर मिराज २००० कडे गेली होती. १९८२ मध्ये ४० विमानांचा करार झाला. ऑगस्ट ते डिसेंबर १९८४ या महिन्यांत संरक्षणमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. आमच्याकडे त्यांची आठवण निघते ती जायकवाडीची, विष्णुपुरीची, पाण्याची. मिराजची पहिली तुकडी १९८५ मध्ये आली तेव्हा ते खातं पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे गेलं होतं. हैदराबाद संस्थानातला माणूस, अस्खलित मराठी बोलणारा, आणि त्या वेळी रामटेकचा खासदार.

मिराजला आपण वज्र नाव दिलं आणि ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळावर ठेवलं. मागे त्रिकोणी पंख, एकच इंजिन, आणि वैमानिकाच्या हाताची हालचाल संगणकातून पंखांपर्यंत नेणारी यंत्रणा. त्रिकोणी पंखाचं विमान जुन्या पद्धतीने उडवताना उतरण्याच्या वेळी जड आणि हट्टी होतं. संगणक मध्ये आल्याने ते हाताला हलकं झालं. कारगिलच्या वेळी याचं मोल कळलं. अठरा हजार फुटांवरच्या खडकात बसलेल्या शत्रूवर इतर विमानांचे बाँब इकडे तिकडे पडत होते. २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर मिराजने लेसरच्या किरणावर नेमका बाँब सोडला. फ्रेंच विमान, इस्रायली दिशादर्शक, अमेरिकी घडणीचा बाँब, आणि हे सगळं एकत्र जुळवणारे आपले तंत्रज्ञ. हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस त्या वेळी दुसऱ्या मिराजमध्ये बसून स्वतः आभाळात होते. पुढे २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटला गेलेलीही मिराजच.

या विमानाच्या यशात एक राजकीय बाब दडलेली आहे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. फ्रान्सने लादले नाहीत, त्यामुळे मिराजचे सुटे भाग येत राहिले. मागे पाहिलं तर हे आकस्मिक नव्हतं. १९६६ मध्ये द गॉलने फ्रान्सला नाटोच्या लष्करी कमानीतून बाहेर काढलं ते आपली शस्त्रं दुसऱ्याच्या परवानगीवर चालू नयेत म्हणून. युरोपातल्या चार देशांबरोबर मिळून एक लढाऊ विमान करायचं चाललं होतं, त्यातूनही १९८५ मध्ये फ्रान्स बाहेर पडला आणि एकट्याने राफेल करायला घेतलं. इंजिनही स्वतःचं. एवढा खर्च एका मध्यम देशाला झेपत नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाईक त्यांना लागतंच. फ्रेंच विमान महाग असतं, त्यांचे करार किचकट असतात, तंत्रज्ञान हातात देताना ते सावकारासारखे मोजून देतात. पण विकल्यावर आपल्या बाबतीत त्यांनी पाय मागे घेतला नाही. आमच्यासारख्या देशाला त्या शेवटच्या गुणाची किंमत बाकीच्या तक्रारींपेक्षा जास्त आहे, असं माझं मत.

राफेलचा करार २३ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीत झाला. ३६ विमानं. भारताकडून सही करणारे मनोहर पर्रीकर, म्हणजे पुन्हा मराठी जाणणारा माणूस. मूळ बोलणी १२६ विमानांची होती आणि त्यातली बहुतेक बंगळुरूत बांधायची होती. ती बारगळली याची खंत मला आजही आहे, कारण ३६ विमानं विकत आली, पण त्या निमित्ताने जे हजारो हात तयार झाले असते ते झाले नाहीत. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, फ्रान्समधल्या मेरिन्याकला पहिलं विमान ताब्यात घेताना त्यावर ओम काढला, नारळ ठेवला, चाकांखाली लिंबं ठेवली. दसऱ्याला आपण नांगर, ट्रॅक्टर, लेथ पुजतो तसंच ते. पाच विमानं २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली.

आता नांदेडकरांनी छाती पुढे काढावी अशी गोष्ट. राफेलची बांधणी आणि हस्तांतर यांवर देखरेख ठेवणाऱ्या भारत-फ्रान्स उच्चस्तरीय गटाचं काम हवाई दलाच्या उपप्रमुखपदावरून ज्यांनी पाहिलं, ते विवेक राम चौधरी हे मूळचे हदगाव तालुक्यातल्या हस्तरा गावचे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले आणि तीन वर्षं त्या पदावर राहिले. केळी, हळद आणि कापूस पिकवणाऱ्या तालुक्याचा माणूस अतिशय गुंतागुंतीच्या यंत्राची एकेक कसोटी तपासत होता. हस्तऱ्याच्या शाळेच्या भिंतीवर राफेलचं एक मोठं चित्र असायला हवं.

लढाऊ विमानांवर मी बराच वेळ घेतला. प्रवासी विमानांकडे वळतो, कारण तुम्ही-आम्ही बसतो ती हीच.

तुलूझ हे दक्षिण फ्रान्समधलं शहर. पहिल्या महायुद्धानंतर लातेकोएर या कारखानदाराने तिथून स्पेनमार्गे आफ्रिकेकडे टपाल न्यायला सुरुवात केली. सँत-एक्झुपेरीसारखे वैमानिक तिथलेच. तेव्हापासून त्या शहराने विमानं सोडली नाहीत. २७ मे १९५५ रोजी तिथून काराव्हेल उडालं. इंजिनं पंखाखालून काढून शेपटीजवळ बसवण्याची कल्पना प्रवासी जेटमध्ये पहिल्यांदा त्यांनी आणली, म्हणून आत शांतता. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सने काराव्हेल घेतलं आणि देशांतर्गत मार्गावर आपल्याकडे जेटयुग सुरू झालं. त्याच काराव्हेलचा १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईत सांताक्रूझला अपघात झाला, ९५ माणसं गेली. मुंबईतल्या जुन्या लोकांच्या मनात काराव्हेल या नावाबरोबर ती रात्र अजून आहे.

काँकॉर्डबद्दल थोडक्यात. २ मार्च १९६९ रोजी तुलूझहूनच उडालेलं, आवाजाच्या दुप्पट वेगाचं, देखणं विमान. एअर इंडियानेही दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. शेवटी ते ब्रिटन आणि फ्रान्सच्या सरकारी कंपन्यांखेरीज कोणीही घेतलं नाही. पैशाच्या हिशेबात ते सपशेल बुडालं. मात्र ज्या कारागिरांनी ते घडवलं, त्यांचे हात रिकामे बसले नाहीत. त्याच शहरात एअरबस उभी राहिली.

एअरबसचं पहिलं विमान ए३००, २८ ऑक्टोबर १९७२ रोजी उडालं. सुरुवातीची काही वर्षं त्याला गिऱ्हाईक मिळेना. फॅक्टरीबाहेर न विकलेली विमानं उभी असायची. युरोपबाहेर ज्या थोड्या कंपन्यांनी विश्वास टाकला, त्यांत इंडियन एअरलाइन्स होती. १९७६ पासून ए३०० आपल्या मार्गांवर दिसू लागलं. मग ए३२०. लढाऊ विमानातली संगणकाची यंत्रणा प्रवासी विमानात आणणारं पहिलं. चाकाच्या आकाराचं स्टीअरिंग गेलं, वैमानिकाच्या बाजूला एक छोटी दांडी आली. इंडियन एअरलाइन्सला ही विमानं १९८९ मध्ये मिळू लागली, आणि जून १९८८ ते डिसेंबर १९८९ या काळात नागरी विमान वाहतूक खात्याचे स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री होते पुन्हा लातूरचेच शिवराज पाटील. एकाच माणसाचा मिराजच्या आणि ए३२० च्या दोन्ही वळणांशी संबंध यावा, हे लातुरातही फारसं कोणाला ठाऊक नाही.

इंडियन एअरलाइन्सने ए३२० मागवताना एक खास बदल करून घेतला होता. जगभर या विमानाच्या मागच्या प्रत्येक पायाला दोन चाकं असतात. आपल्या विमानांना चार चार होती. वजन जास्त चाकांवर वाटलं गेलं की धावपट्टीवर दाब कमी पडतो, आणि आपल्या धावपट्ट्या तेव्हा कमजोर होत्या. काळ्या मातीत घर बांधलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात हातभर भेग पडते, पावसात तीच माती फुगून वर येते, आणि खाली भरपूर मुरूम भरल्याशिवाय फरशी टिकत नाही. ती जास्तीची चाकं विमानाचं वजन वाढवत होती, इंधन खात होती, पण त्यांच्यामुळे नवं विमान जुन्या धावपट्टीवर उतरू शकलं. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळुरूला एक ए३२० धावपट्टीच्या अलीकडे पडलं, ९२ जण गेले आणि इंडियन एअरलाइन्सची सगळी ए३२० विमानं काही महिने जमिनीवर ठेवली गेली. माणूस आणि संगणक यांच्यात कोण काय सांभाळतंय याचा गोंधळ, असा धडा जगाला त्यातून मिळाला. आज देशात सर्वांत जास्त दिसणारं प्रवासी विमान हेच. जून २०२३ मध्ये इंडिगोने एकाच वेळी ५०० मागवली.

हेलिकॉप्टरचा भाग लहान आहे, पण आपल्या सर्वांत जवळचा. फ्रेंच आलुएत-३ आपण १९६५ पासून बंगळुरूत बांधू लागलो आणि राणा प्रतापांच्या घोड्याचं, चेतक हे नाव दिलं. त्याचाच डोंगराळ भाऊ चीता सियाचीनला जातो. याच जातीच्या हेलिकॉप्टरने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती. लष्कराचे हेलिकॉप्टर-वैमानिक नाशिकला गांधीनगरच्या शाळेत यांवरच शिकत आले आहेत. यंत्रं आता म्हातारी झाली आहेत आणि ती बदलायला झालेला उशीर वैमानिकांच्या जिवावर बेततो, हे स्पष्ट लिहायला हवं. लातूरकरांना २५ मे २०१७ आठवत असेल. निलंग्याहून उडताना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर विजेच्या तारांत अडकून कोसळलं आणि सगळे सुखरूप बाहेर आले. यंत्र अमेरिकी सिकोर्स्की, पण त्याची दोन्ही आरिएल इंजिनं फ्रेंच, पिरेनीज डोंगराच्या पायथ्याशी बोर्द गावी घडणाऱ्या जातीची. अपघाताशी इंजिनाचा संबंध जोडायचा म्हणून हे सांगत नाही. आपल्या ध्रुव आणि प्रचंड हेलिकॉप्टरांचं शक्ती इंजिन त्याच कारखान्याबरोबर मिळून केलेलं आहे, एवढं ध्यानात यावं.

आता परत नांदेडच्या धावपट्टीवर. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी विमानतळ नव्याने उभा राहिला, धावपट्टी लांबली, रात्री उतरायचे दिवे लागले. किंगफिशरची सेवा आली आणि कंपनीच २०१२ मध्ये बंद पडली. २००९ मध्ये राज्य सरकारने नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ, उस्मानाबाद हे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने दिले. मग २७ एप्रिल २०१७: उडान योजनेचा प्रारंभ पंतप्रधानांनी सिमल्याहून केला, तेव्हा सिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबाद यांच्या जोडीला नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. ट्रूजेटचं एटीआर ७२. तासाभराच्या उड्डाणाला योजनेतल्या जागांचं भाडं २,५०० रुपयांच्या आसपास. हवाई अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एअर इंडियाची नांदेड-अमृतसर सेवा सुरू झाली, आणि हुजूर साहिबला येणाऱ्या म्हाताऱ्या भाविकांचा दीड-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास काही तासांवर आला. २०२२ मध्ये ट्रूजेट थांबली. २०२४ पासून कोल्हापूरकर घोडावतांची स्टार एअर येते. तिचं एम्ब्रेअर हे ब्राझीलचं जेट. लातूरला धावपट्टी १९९१ पासून आहे, पण रोजचं प्रवासी विमान तिथे टिकलं नाही. तिथे उतरतात ती पुढाऱ्यांची आणि उद्योगपतींची विमानं.

मला या क्रमात सर्वांत जास्त बोचतं ते एटीआरचं जाणं. फ्रान्स आणि इटलीने १९८१ मध्ये मिळून ही कंपनी काढली. तेव्हा सगळं जग जेटच्या मागे होतं आणि पंख्याचं विमान म्हणजे मागासलेपण अशी समजूत होती. तीनशे-चारशे किलोमीटरच्या टप्प्यात जेटचा वेग कामाला येत नाही, नुसतं इंधन जळतं, हा साधा हिशेब त्यांनी धरून ठेवला. आज पंख्याच्या प्रवासी विमानांत एटीआरला जवळजवळ स्पर्धकच उरलेला नाही. नांदेड-हैदराबाद, लातूर-मुंबई, लातूर-पुणे हे नेमके त्या हिशेबातले टप्पे आहेत. १९८१ मध्येच नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. चाळीस वर्षांहून जास्त काळ आम्ही अभियंते घडवतोय, आणि ते पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातात.

कारखाने आता आपल्या भोवती येऊन ठेपले आहेत. नागपूरला मिहानमध्ये दासो आणि रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. फाल्कन या छोट्या जेटचे भाग तिथे बनतात, आणि अख्खं फाल्कन २००० तिथेच जुळवायचं जून २०२५ मध्ये जाहीर झालं. त्याच महिन्यात राफेलचं धड हैदराबादला टाटांच्या कारखान्यात बनवायचा करार झाला. फ्रान्सबाहेर ते पहिल्यांदाच बनणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये शमशाबादजवळ साफ्रान या फ्रेंच कंपनीचं लीप विमान-इंजिनांचं दुरुस्ती केंद्र सुरू झालं. देगलूरहून हैदराबाद म्हणजे एसटीचे काही तास. एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद, आणि मध्ये आमची काळी जमीन. लातूरच्या हरंगुळला रेल्वेचे डबे बांधायचा कारखाना उभा राहू शकतो, तर विमानाच्या भागांचं यंत्रकाम इथल्या औद्योगिक वसाहतीत का होऊ नये? त्याला समुद्र लागत नाही, फार पाणी लागत नाही. लागतो तो तरबेज हात आणि न चुकणारी वीज.

हात आहेत. आमच्या ओळखीतला देगलूरकडचा एक पोरगा आयटीआय फिटर. हैदराबादच्या बाहेर विमानाचे भाग जुळवणाऱ्या एका शेडमध्ये दोन वर्षं आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा मी त्याला काम विचारलं. त्याने जेवणाच्या ताटाची कड दोन बोटांत धरली आणि सांगू लागला: "दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, भोक पाडायचं, मग पुन्हा सोडवायचे." का सोडवायचे? "मधी कणी राहते, काका. ती काढली नाही तर पुढं तिथूनच चीर जाते." मग भोकाची कड पुसायची, लेप लावायचा, परत जुळवायचं, तेव्हा रिव्हेट. एका भागात अशी शेकडो भोकं, आणि एक जरी तिरपं गेलं तरी कागद भरून वरच्या माणसाला बोलवायचं. लपवायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा नियम. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला राखी रंगाचा तो लेप अजून चिकटलेला होता. लातूरला असं काम निघालं तर येशील का, विचारलं. तो म्हणाला, "उद्या येतो. पण ते चालू राहील ना?"